चढावर पुढे की मागे?
वर एका सदस्याने लिहिले आहे की स्किड स्टीअर लोडर (पुढे बकेट असलेले, जागच्या जागी वळणारे छोटे भराई यंत्र) चढावर नेहमी रिव्हर्सनेच न्यावा. हे रिकाम्या बकेटपुरतेच खरे आहे, कारण तेव्हा यंत्राचे वजन मागे असते आणि जड बाजू चढाकडे ठेवायची असते. बकेट भरली की वजन पुढे येते, म्हणून बकेट जमिनीलगत ठेवून सरळ पुढे चढावे आणि उतरताना मागे यावे. चाकांच्या लोडरची भारक्षमता साधारणपणे उलटण्याच्या भाराच्या (ज्या भाराला यंत्र पुढे कलंडू लागते त्याच्या) ५० टक्के धरतात, तीही सपाट, टणक जमिनीवर. नागपूरकडच्या पावसाळी काळ्या मातीत त्या आकड्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. शिकाऊ चालकाने मात्र आधी सीट बार (चालकाच्या पुढ्यात खाली येणारा सुरक्षा दांडा) वर करून बकेट उचलणारे आर्म हलत नाहीत ना, हे रोज तपासावे. हलल्यास यंत्र चालवू नये. हायड्रॉलिक गळती हाताने नव्हे, पुठ्ठ्याने शोधावी.