पापलेटाची लांबी होडीवर मोजायची की खरेदीच्या काट्यावर?

दर्याकाठ (धागा सुरू करणारा)

सप्टेंबर २०२३ मध्ये चंदेरी पापलेटाला महाराष्ट्राच्या राज्यमाशाचा मान मिळाला. त्याच सुमारास राज्याने ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली आणि त्याहून लहान मासा पकडायला मनाई केली. पापलेटाला १३५ मिलिमीटर, सुरमईला ३७०. हेतू चांगलाच आहे: पिल्लाला मोठं होऊ द्या, एकदा तरी अंडी घालू द्या. पण माझ्या मते हा नियम चुकीच्या जागी, म्हणजे होडीवर लावला जातोय.

ट्रॉलरचं जाळं दोन-तीन तास ओढून वर घेतलं की खोल्यात, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत, पापलेट, ढोमा, राणी मासा, बळा, माकुल, करंदी सगळं एकमेकांवर दाबलेलं असतं. त्यात बारकं पापलेट असलंच तर ते आधीच मेलेलं असतं. ते परत दर्यात टाकून पापलेट वाढणार नाही, फक्त समुद्रपक्ष्यांचं पोट भरणार. थंड समुद्रात मोजक्याच जातींची मासेमारी चालते, तिथे लांबीचा नियम शोभतो. आपल्या उष्ण पाण्यात एकाच ओढीत कितीतरी जाती येतात.

आस, म्हणजे जाळ्याचं भोक, मोठा करा, असं लगेच कोणीतरी म्हणेल. ट्रॉलच्या खोल्याला ४० मिमी चौकोनी आस असावा असा नियम आहेच, आणि तो हवाच. ओढ बसली की शंकरपाळ्यासारखा आस मिटतो, चौकोनी उघडा राहतो, त्यातून लांबट बारकी मासळी निसटते. पण पापलेट चपटं आणि उंच. बोटाएवढ्या लांबीचं पिल्लूसुद्धा त्या आसात अडकतं. म्हणजे राज्यमाशाला हा आस फारसा वाचवत नाही.

म्हणून नियम खरेदीच्या जागी लावा. लिलावात, निर्यातीच्या कारखान्याच्या दारात आणि मुख्य म्हणजे फिशमीलच्या, म्हणजे मासळी दळून भुकटी करणाऱ्या कारखान्याच्या, वजनकाट्यावर. बारक्या मासळीला कुटा (दळायची हलकी मासळी) म्हणून का होईना भाव मिळतो, तोवर ती पकडून आणणं परवडतं. भावच नसेल तर तांडेल (होडीचा प्रमुख) आपणहून तो पट्टा टाळेल. पिल्लं कुठे आणि कधी जमतात, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असतं?

डोलकर_रायगड

दादा, कागदावर छान वाटतं. पण खरेदीवर नियम आला की तपासणी कोणाची होईल? कारखान्याच्या बंद गेटमागे कोणी जाणार नाही. बंदरावर टोपली घेऊन बसलेल्या आमच्या आया-बहिणींची होईल.

आमचं डोल जाळं ओढलं जात नाही. समुद्रात रोवलेल्या खुंटाला बांधलेलं असतं, भरती-ओहोटीच्या ओढीने जे आत शिरेल ते शिरेल. उधाणाच्या मोठ्या भरतीला जास्त, भांगाच्या लहान भरतीला कमी. आस बारीक ठेवावाच लागतो, कारण जवळा पूर्ण वाढला तरी इंचभरच असतो. त्या जवळ्यासोबत बोंबलाची आणि पापलेटाची पिल्लं येतात हे मला मान्य आहे, रोज डोळ्यांनी बघतो. पण म्हणून जवळा बंद करायचा का? सुकवलेला जवळा हे गरिबाचं पावसाळ्यातलं कालवण आहे. निर्यातीच्या पापलेटासाठी त्यावर टाच आणू नका.

रापणकर

तुम्ही पट्टी घेऊन बसलात आणि मूळ दुखणं बाजूलाच राहिलं. फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनला (थव्याला वेढून उचलणाऱ्या मोठ्या जाळ्याला) सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने दिले, परवाने कमी करत १८२ वर आणायचं ठरलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिवे लावून होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. तरी मालवणच्या किनाऱ्यावर रात्री उभं राहिलं की क्षितिजावर दिवे दिसतात. बांगडा-तारलीचा अख्खा थवा त्या उजेडाखाली गोळा होतो आणि एका फेरीत उचलला जातो. त्यातला कोणता मासा किती मिलिमीटर होता हे विचारून काय उपयोग?

आमच्या रापणीत काय गावता ता बघूक येवा. पन्नास माणसं किनाऱ्यावरून जाळं ओढतात, वाटे पडतात, म्हाताऱ्या माणसालाही वाटा मिळतो. आधी दिवे बंद करा, मग लांबीचं बोलू.

मत्स्यशाळा_रत्नागिरी

मी मत्स्यशास्त्र शिकते. धागाकर्त्यांचं उष्ण पाण्याबद्दलचं म्हणणं बरोबर आहे, पण त्यातून ‘लांबी-वजनाचा नियम होडीवर निरुपयोगी’ असा निष्कर्ष निघत नाही. तो जातीनुसार बदलतो.

शेवंड (लॉबस्टर) घ्या. ती जाळ्यातून जिवंत निघते, पाण्यात सोडली तर जगते. अंडी पोटाखाली घेऊन फिरते, म्हणजे अंड्यावरची मादी ओळखायला पट्टीही लागत नाही. तिथे होडीवरच नियम लावता येतो. आणि तो वेळेवर न लावल्याचं फळ मुंबईजवळ बघितलंय. वाळूत राहणारी चपटी शेवंड १९७८ च्या सुमारास ट्रॉलरना मिळू लागली, निर्यातीमुळे भाव चढला, आणि १९९४ पर्यंत ती मासेमारी संपली. अंड्यावरच्या माद्याही उचलल्या जात होत्या.

दुसरीकडे, २००३ पासून शेवंडेच्या निर्यातीला किमान वजन ठरलेलं आहे. मुंबईकडे सापडणाऱ्या चिखलातल्या शेवंडेला ३०० ग्रॅम, चपटीला १५०. म्हणजे काट्यावर नियम लावता येतो हेही खरं. पण चपट्या शेवंडेसाठी तो आला तेव्हा मुंबईजवळची मासेमारी बुडून बरीच वर्षं झाली होती. पापलेटाच्या बाबतीत आपण तेवढी वाट बघणार आहोत का?

रापणकर काका, पर्ससीन आणि एलईडीबद्दल तुमचा राग योग्य आहे. पण पापलेटाची पिल्लं मुख्यतः ट्रॉल, डोल आणि बारीक आसाच्या गिलनेटमध्ये (मासा कल्ल्यांत अडकवणाऱ्या जाळ्यांत) जातात. दिवे बंद झाले तरी तो प्रश्न तसाच राहील.

टोपलीवाली

मी मासे विकते, आई विकायची, आजीही. सगळे होडीवर आणि कारखान्यावर बोलताय, गिऱ्हाइकाचं नाव कोणी घेत नाही. हॉटेलवाल्याला ताटात मावणारं अख्खं पापलेट हवं असतं. मोठ्या सरंग्याच्या (पापलेटाच्या) तुकड्या ताटात बऱ्या दिसत नाहीत, म्हणून बारक्याला मागणी. एकाच मापाचे शंभर नग द्या, असं फोनवर सांगतात. ऑगस्टात पावसाळी मासेमारी बंदी उठली की असलाच माल जास्त येतो. मला ठाऊक असतं की दिवाळीपर्यंत थांबलं तर याच माशाचे कितीतरी जास्त पैसे होतील. पण मी नाही घेतलं तर शेजारची घेते.

दर्याकाठ

ताई, तुमचं म्हणणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हॉटेलची खरेदी ही तपासता येण्यासारखी जागा आहे, तिथे बिल असतं, शीतपेटी असते.

डोलकर दादा, जवळा बंद करा असं मी म्हणत नाही आणि टोपलीपासून सुरुवात तर मुळीच नको. सुरुवात फिशमीलपासून करा, मग निर्यात, मग हॉटेलं. डोलीसाठी वेगळी वाट हवी: जिथे आणि ज्या आठवड्यांत पापलेटाची पिल्लं खाडीच्या तोंडाशी येतात, तेवढे खुंट तेवढे दिवस रिकामे ठेवायचे, आणि त्याची भरपाई द्यायची. व्हेल शार्कसारखा संरक्षित जीव जाळं कापून सोडला तर राज्य २५ हजारांपर्यंत भरपाई देतं. मग पिल्लांसाठी का नाही?

शेवंडेबद्दल मत्स्यशाळा म्हणते ते पटलं. जो जीव पाण्यात सोडल्यावर जगतो, त्याला नियम होडीवरच.

डोलकर_रायगड

भरपाईचं बोललात म्हणून ऐकतोय. पण कोणत्या आठवड्यांत खुंट रिकामे ठेवायचे हे मंत्रालयात बसून ठरवू नका. आमच्या सोसायटीत या, दोन मोसम सोबत जाळं काढा, पिल्लं मोजा, आणि पैसे आधी जमा करा. पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये बघू, असं असेल तर मी एकही खुंट रिकामा ठेवणार नाही.

रापणकर

आणि दिवे?