मदत हवी आहे: कॉलीला डिगॉक्सिन सुरू करण्याआधी जनुकचाचणी कुठे होईल?

मंडळी, आमचा बंड्या, रफ कॉली जातीचा कुत्रा, आता म्हातारा झालाय. हृदय मोठं झालंय, ठोके वाट्टेल तसे पडतात. पिमोबेंडन (हृदयाला बळ देणारं) आणि लॅसिक्स (लघवीवाटे पाणी काढणारं) चालू आहे. आता ठोके आवरायला डॉक्टर डिल्टियाझेमच्या जोडीला डिगॉक्सिन द्यायचं म्हणतात, आणि माझं घोडं तिथेच अडलंय.

बऱ्याच कॉलींच्या एमडीआर-१ जनुकात डीएनएची चार अक्षरं गळालेली असतात, हे २००१ पासून माहीत आहे. त्यामुळे पेशीतून औषध बाहेर फेकणारा पंप नीट तयारच होत नाही. कॉलीला आयव्हरमेक्टिन हे जंत-गोचिडांवरचं औषध जपून द्या म्हणतात ते यामुळेच. डिगॉक्सिनही याच पंपाने बाहेर जातं, आणि त्याचा लागू पडणारा डोस आणि विषारी डोस यांत अंतर फारच थोडं. डॉक्टर म्हणतात, "कमी डोसने सुरू करू, मग बघू." माणूस भला आहे, पण या "बघू"ने माझं समाधान होत नाही.

पुण्यात किंवा भारतात कुठेही ही चाचणी गालाच्या आतला स्वॅब किंवा रक्त घेऊन कोणी करतं का? रिपोर्ट किती दिवसांत येतो? गोळीनंतर ६ ते ८ तासांनी डिगॉक्सिनची रक्तातली पातळी बघतात. माणसांच्या लॅबने कुत्र्याचं रक्त घेतल्याचा कुणाला अनुभव? जनुकात दोष असलेल्या कॉलीला कुणी हे औषध दिलं असेल, तर भूक आणि उलट्यांचं काय झालं तेही सांगा.

अर्जुनसाल वगैरे कृपया सुचवू नका.