गाडी विकून मेट्रोवर भिस्त ठेवावी का?

प्रश्न: मी पुण्यात कोथरूडला वनाजजवळ राहतो आणि कार्यालय कल्याणीनगरला आहे. मार्च २०२४ मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत पोहोचल्यापासून गाडी आठवड्यातून जेमतेम एकदा बाहेर निघते. ती विकावी का?

उत्तर १: आम्ही विकली. विमा, देखभाल आणि पार्किंगची कटकट संपली. रात्री उशीर झाला किंवा आईला दवाखान्यात न्यायचे असले की रिक्षा बोलावतो, तरीही वर्षाचा खर्च गाडीपेक्षा कमीच भरतो.

उत्तर २: खरी परीक्षा स्थानकाबाहेर पडल्यावर होते, कारण पदपथावर दुचाकी चढलेल्या असतात आणि पावसाळ्यात चालणाऱ्याने जावे कोठून, हेच कळत नाही.

प्रश्नकर्ता: ते खरेच, तूर्त दोन महिने गाडी झाकून ठेवून पाहतो.

उत्तर १: अधूनमधून सुरू करा, नाहीतर बॅटरी उतरेल!