क्विंटलभर कापूस मंगळावर किती भरेल?
मंगळाची ओढ (गुरुत्वाकर्षण) पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्केच असल्याने तेथे क्विंटलभर कापूस ३८ किलोच भरेल हे खरे, परंतु कोणत्या काट्यावर, हे सांगायला हवे. आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात जिनिंगवर असतो तो इलेक्ट्रॉनिक काटा पृथ्वीच्या ओढीनुसार जुळवलेला असल्याने मंगळावर नेल्यास ३८ दाखवील. जुन्या तराजूत मात्र कापूस आणि वजनाची मापे या दोन्हींवरची ओढ सारखीच घटते, त्यामुळे क्विंटल हा क्विंटलच राहतो (मापाड्याची हातचलाखी वगळून).

वस्तुमान जास्त म्हणून ओढही तितकीच जास्त, असेही नसते: शनीचे वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट असूनही त्याच्या ढगांच्या माथ्यावरचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीहून फारसे वेगळे नाही, कारण त्याची त्रिज्याही नऊ पटींहून अधिक आहे आणि ओढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते.

'मंगळावर गुरुत्वाकर्षण कमी, म्हणून यान उतरवणे सोपे' असे काही जण म्हणतात, ते मात्र मला पटत नाही. मंगळावरील हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी असल्याने एकटे पॅराशूट पुरत नाही. म्हणूनच २०१२ मध्ये सुमारे ९०० किलोची क्युरिऑसिटी गाडी शेवटच्या टप्प्यात रॉकेटच्या बळावर तरंगणाऱ्या सांगाड्यावरून दोरांनी खाली सोडावी लागली. चंद्रावर तर हवाच नाही, त्यामुळे २०२३ मध्ये चांद्रयान-३ च्या विक्रम या लँडरचा वेग सर्वस्वी इंजिनांनीच आवरावा लागला.