उत्पत्तीतला ‘दिवस’ आणि मेल्यानंतरचा ‘जीव’: दोन्हींना एकच कसोटी लावायची का?

सांजवर्ग
जय ख्रिस्त. तरुणांच्या बायबल वर्गासाठी उत्तर हवंय. एक युक्तिवाद वारंवार कानावर येतो. उत्पत्ती १ मधला दिवस चोवीस तासांचाच असा आग्रह धरणाऱ्यानं उपदेशक ९:५ सुद्धा (मेलेल्यांना काहीच कळत नाही) शब्दशः घ्यावं आणि माणूस पुनरुत्थानापर्यंत निजलेला असतो हे कबूल करावं. उलट बाजूचे म्हणतात, एकदा ‘दिवस’ ताणला की येशूनं वधस्तंभावरच्या चोराला सांगितलेला ‘आज’ही (‘आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’) ताणता येतो. हे दोन प्रश्न खरंच एकमेकांत गुंतलेत का? आणि हिब्रू न येणाऱ्यांनी ते तपासायचे कसे?

पानोपानी
गुंतलेले नाहीत. कोण काय मानतं ते पाहिलं तरी कळतं. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट (पुण्यात औंधला स्पायसर विद्यापीठ आहे तीच मंडळी) सहा दिवस शब्दशः मानतात आणि मृत्यू म्हणजे बेशुद्ध निद्रा असंही मानतात. यहोवाचे साक्षीदार निद्रेबाबत त्यांच्या जवळ आहेत, पण दिवस त्यांना चोवीस तासांचे मान्य नाहीत. प्रेस्बिटेरियन मंडळ्यांच्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीत (१६४७) ‘सहा दिवसांच्या अवधीत’ असं आहे, आणि त्याच कबुलीत आत्मे मरतही नाहीत, निजतही नाहीत असं स्पष्ट लिहिलंय. कॅथलिक चर्चनं मेल्यावर आत्मा टिकतो हे १३३६ मध्ये पोप बाराव्या बेनेडिक्टच्या आज्ञापत्रातून आणि १५१३ मध्ये पाचव्या लॅटरन परिषदेत पक्कं केलं. मात्र उत्पत्तीतल्या ‘दिवसा’चा अर्थ एखादा कालखंड असा घ्यायला १९०९ मध्ये त्यांच्याच बायबल आयोगानं मुभा दिली. म्हणजे चारही जोड्या प्रत्यक्षात सापडतात. एकावरून दुसरं आपोआप निघत असतं तर असं झालं नसतं.

जुनीपोथी
तपासायची रीत सांगतो. स्ट्राँगच्या बायबल शब्दसूचीत प्रत्येक हिब्रू-ग्रीक शब्दाला क्रमांक आहे. ‘नेफेश’ (जीव, प्राण) ५३१५, ‘योम’ (दिवस) ३११७, ‘रूआख’ (आत्मा, वारा, श्वास) ७३०७, आणि नव्या करारातला ग्रीक ‘प्स्युखे’ (जीव, आत्मा) ५५९०. क्रमांक टाकला की शब्द जिथे जिथे आलाय त्या सगळ्या ओव्या मिळतात. नेफेश साडेसातशेच्या आसपास वेळा येतो, सगळ्या वाचायची गरज नाही.

आधी उत्पत्ती १:२०, १:२४ आणि २:७ शेजारी ठेवा. मासे, गुरं आणि आदाम, तिघांनाही ‘नेफेश हय्या’ (जिवंत नेफेश) हेच शब्द आहेत. मराठीत ते ‘जीवजंतू’, ‘प्राणी’, ‘जीवधारी’ असे विखुरतात, त्यामुळे वाचणाऱ्याला पत्ताच लागत नाही. मग गणना ६:६ पाहा. नाझीराने (नवस करून देवाला वाहून घेतलेल्यानं) प्रेताजवळ जाऊ नये असं तिथे आहे, आणि प्रेताला शब्द चक्क ‘नेफेश मेत’, मेलेला नेफेश. लेवीय १७:११ मध्ये देहाचा नेफेश रक्तात आहे. यहेज्केल १८:४ मध्ये पाप करणारा नेफेश मरतो. इथवर निद्रावाद्यांची, म्हणजे मेलेला माणूस पुनरुत्थानापर्यंत निजलेला असतो म्हणणाऱ्यांची, बाजू भक्कम.

पण इथे थांबू नका. बहुतेक जण नेमके इथेच थांबतात. उत्पत्ती ३५:१८ मध्ये राहेल मरताना तिचा नेफेश निघून जातो. १ राजे १७:२१-२२ मध्ये मुलाचा नेफेश त्याच्यात परत येतो. तो फक्त ‘प्राण’ असं म्हणता येईल, पण मग नेफेश म्हणजे नेहमी अख्खा माणूस हा नियम मोडतो. मत्तय १०:२८ तर दोन्हीकडे कापतं. माणसं शरीर मारतात, प्स्युखे मारू शकत नाहीत. हा पूर्वार्ध आत्मा टिकतो म्हणणाऱ्यांचा. नरकात दोन्हींचा नाश करायला समर्थ असलेल्याला भ्या. हा उत्तरार्ध निद्रावाद्यांचा. अर्धीच ओवी पाठ असलेला माणूस वादात हमखास फसतो.

आपल्याकडे आणखी एक अडचण, ती आपल्या भाषेची. ‘आत्मा’ म्हटलं की मराठी कानाला शस्त्रांनी न तुटणारा, अग्नीनं न जळणारा, कधीच न जन्मलेला आत्मा ऐकू येतो. तो गीतेतला. बायबलमधला जीव निर्माण केलेला आहे, आणि १ तीमथ्य ६:१६ प्रमाणे अमरत्व एकट्या देवाचं. आत्मा टिकतो असं मानणारेही तो देवाच्या इच्छेनं टिकतो असं म्हणतात, स्वतःच्या बळावर नाही. वर्गात हे पहिल्याच दिवशी सांगून टाकावं.

सहावादिवस
‘योम’विषयी. संध्याकाळ, सकाळ आणि क्रमांक, तिन्ही एकत्र असताना साध्या दिवसाखेरीज दुसरा अर्थ ओढूनताणूनच लावावा लागतो. निर्गम २०:११ मध्ये शब्बाथाची आज्ञा उभी आहे ती सहा दिवसांच्या आधारावर. इस्राएलानं सहा युगं काम करावं असं तिथे म्हटलेलं नाही.

जुनीपोथी
निर्गम २०:११ हा तुमचा सर्वांत मजबूत पुरावा, मान्य. पण क्रमांक आला की चोवीस तासच, हा नियम व्याकरणाच्या पुस्तकातला नाही. होशेय ६:२ मध्ये ‘तिसऱ्या दिवशी’ आहे आणि तो राष्ट्राच्या पुनरुज्जीवनाबद्दल आहे. जखऱ्या १४:७ मध्ये ‘योम एहाद’ (एक दिवस) आहे, उत्पत्ती १:५ मध्ये आहेत तेच शब्द. आणि त्या दिवसाला ना धड दिवस ना रात्र. उत्पत्ती २:४ मध्ये सगळी निर्मिती एकाच ‘योम’मध्ये मावते (मराठीत तिथे बहुधा नुसतं ‘तेव्हा’ येतं). सूर्य चौथ्या दिवशी, आणि सातव्या दिवसाला संध्याकाळ-सकाळ नाहीच. हे डार्विननंतर सुचलेलं नाही. सूर्याशिवाय पहिले तीन दिवस कसले, असं ओरिजेन या प्राचीन ख्रिस्ती भाष्यकारानं तिसऱ्या शतकात विचारलं होतं. त्याच्यानंतरचा धर्मपंडित ऑगस्टिन तर सगळं एका क्षणात झालं असं म्हणत होता. प्राचीन बिशप बेसिल मात्र चोवीस तासांवर ठाम होता, तेव्हा ‘सगळे प्राचीन आमच्या बाजूचे’ असं कुणीच म्हणू नये.

आता मूळ प्रश्नाला खरी गाठ जिथे आहे ती ओवी: निर्गम ३१:१७. सहा दिवसांत आकाश व पृथ्वी केली, सातव्या दिवशी देव थांबला ‘वय्यिन्नाफश’. हे क्रियापद नेफेशच्याच धातूचं आहे. अर्थ दम खाणं, पुन्हा श्वास घेणं. निर्गम २३:१२ मध्ये तेच क्रियापद दासीच्या मुलाला आणि परक्याला लावलंय, आठवड्याच्या कामानं दमलेल्यांना. देवाला धाप लागते असं तुम्हीही म्हणणार नाही. विसावा माणसाच्या विसाव्यावरून रंगवला असेल तर त्याच वाक्यातले सहा दिवसही तसेच का नसावेत, असं सादृश्यवाले (देवाचे दिवस माणसाच्या आठवड्यावरून रंगवलेत म्हणणारे) विचारतात.

सहावादिवस
क्रियापद रूपक, म्हणून संख्याही रूपक? एका वाक्यात दोन्ही प्रकार सहज नांदतात. ‘दहा वर्षं त्यानं रक्त आटवलं’ यात रक्त खरं आटत नाही, वर्षं मात्र दहाच.

जुनीपोथी
दाखला चोख आहे. या ओवीनं तुमचा पक्ष पडत नाही, एवढं मान्य. मात्र ‘शब्दशः की नाही’ हे अख्ख्या अध्यायाला एकदाच ठरवता येत नाही, हे तुमच्याच दाखल्यातून निघतं. सुरुवातीच्या युक्तिवादाची चूक तीच आहे.

सांजवर्ग
आणि लूक २३:४३ मधला ‘आज’?

पानोपानी
तिथे ताणाताणी स्वल्पविरामाची आहे, ‘आज’च्या लांबीची नाही. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत विरामचिन्हं जवळजवळ नसतातच. ‘तुला खचित सांगतो, आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ की ‘तुला आज खचित सांगतो, तू असशील’? निद्रावादी अनुवाद ३०:१८ दाखवतात: ‘मी आज तुम्हांला सांगतो’ ही तिथली बोलण्याची ढब आहे. शिवाय योहान २०:१७, जिथे येशू पुनरुत्थानानंतरही अजून पित्याकडे गेलेला नाही. समोरच्यांचं म्हणणं, ‘आमेन, तुला सांगतो’ हे येशूचं ठरलेलं बोलणं आहे आणि त्याला तो काळाचा शब्द जोडत नाही. मार्क १४:३० मध्ये पेत्राला सांगताना ‘आज’ आहे, पण तो ‘की’च्या पलीकडे, म्हणजे पुढच्या वाक्यात. लूकमध्ये हा ‘की’ नाही, म्हणून तर वाद उरतो. चोरानं ‘तू आपल्या राज्यात येशील तेव्हा’ आठवण ठेव असं विनवलंय. त्याच्या ‘तेव्हा’ला ‘आज’ हे उत्तर बसतं, म्हणून मला पहिलं वाचन जास्त पटतं.

वर्गात लूक १६ मधला श्रीमंत आणि लाजर शेवटी घ्या. तो दाखला आहे की नाही यावरच तास संपतो. त्याआधी फिलिप्पै १:२३ आणि १ थेस्सल. ४:१३-१६ शेजारी ठेवून वाचायला द्या. एकीकडे निघून ख्रिस्ताजवळ असण्याची इच्छा, दुसरीकडे ‘निजलेले’ उठतील ही आशा, आणि दोन्ही पत्रं पौलाचीच.