मदत हवी आहे : कॉलेजचा फुटबॉल संघ जवळजवळ पूर्ण नवा आहे, विभागीय स्पर्धेत कसं उतरावं?

नमस्कार मंडळी,

कोल्हापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं कॉलेज आहे. मी तिथलाच माजी खेळाडू. आता नोकरी सांभाळून जिमखान्याच्या सरांना फुटबॉलच्या पोरांसाठी हातभार लावतो. शिवाजी विद्यापीठाच्या विभागीय आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर आल्यात आणि संघ बघून मला खरंच काळजी लागून राहिलीय. गेल्या वर्षीची फळी चांगली होती, पण त्यातली बहुतेक मुलं पदवी घेऊन बाहेर पडली. आता अठरा जणांच्या यादीत आंतरमहाविद्यालयीन सामना खेळलेले तिघंच आहेत. कॅप्टन स्ट्रायकर आहे आणि एका तालमीकडून (म्हणजे क्लबकडून) केएसए, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीगही खेळतो. दुसरा सेंटर हाफ, म्हणजे मध्यात खेळणारा, तिसरा लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू. बाकी सगळे नवे, गोलकीपर तर यंदाच बारावी होऊन आलेला.

नवी पोरं गुणी आहेत, यात शंका नाही. पायात बॉल आहे, वेग आहे. पण त्यांचं फुटबॉल टर्फवरचं. पाच-सहा जणांचा खेळ, चारी बाजूंनी जाळी, ऑफसाईड (पास दिला जाताना समोरच्यांच्या बचावफळीच्याही पुढे उभं असणं) नाही. मोठ्या मैदानावर आली की गडबडतात. परवाच्या सराव सामन्यात आमच्या स्टॉपरनं (बचावातल्या मधल्या खेळाडूनं) ऑफसाईड म्हणून हात वर केला आणि लाइन्समनकडे बघत उभा राहिला. तिकडे राइट बॅक गोलपोस्टच्या जवळ रेंगाळत होता, त्यामुळे समोरचा स्ट्रायकर ऑनसाईडच होता. तो शांतपणे पुढे गेला आणि गोल करून आला. असेच आणखी दोन गोल खाल्ले. सामना संपल्यावर पोरं एकमेकांकडे बोट दाखवायला लागली, ते मला गोलांपेक्षा जास्त लागलं.

सरावाची अडचण वेगळीच. निम्मी मुलं आसपासच्या खेड्यांतून एसटीच्या पासवर येतात. संध्याकाळचा सराव रंगात आला की शेवटच्या गाडीसाठी पिशव्या उचलून पळतात. मैदान पावसानं चिखलाचं झालंय.

मला विचारायचंय ते असं. कॅप्टनला पुढून काढून स्टॉपरला खेळवावं का? थोडे दिवस हातात असताना काय शिकवावं आणि काय सोडून द्यावं? नव्या कीपरला कसं तयार करावं? आणि या पोरांकडून यंदा कितपत आशा धरावी? बाद पद्धतीची स्पर्धा आहे. एक सामना हरलो की वर्ष संपलं.

—

प्रतिसाद : डावा विंगर

दादा, कॅप्टनला अजिबात हलवू नका. बाद सामन्यात गोल कोण करणार? नव्या संघाला दोन-तीनच संधी मिळतात, त्या ज्याच्या पायाला सवय आहे त्याच्याच पायाशी पडायला हव्यात. शिवाय केएसए लीगमध्ये शाहू स्टेडियमवर भरल्या गॅलरीसमोर खेळलेलं पोरगं पुढे उभं असलं की समोरचे दोन बॅक जागेवरच राहतात, वर येत नाहीत. तेवढाच तुमच्या पोरांवरचा ताण कमी.

मागे फक्त उंच पोरं उभी करा आणि बॉल आला की बाहेर. पावसाच्या दिवसांत मागे पासिंग करायला जाणं म्हणजे गोल खाणं.

—

प्रतिसाद : जुना स्टॉपर

डाव्या विंगरशी अर्धा सहमत. कॅप्टन पुढेच राहू दे. पण "उंच पोरं उभी करा" एवढ्यानं भागत नाही. तुमचे ते तीन गोल पोरांच्या उंचीमुळे नाही झाले, चौघं एका रेषेत नव्हते म्हणून झाले.

माझं मत, तुमचा सेंटर हाफ स्टॉपरला आणा. आधी नाराज होईल, पण त्याला समजावून सांगा. स्टॉपरला सगळं मैदान समोर दिसतं. बोलणारा, सामना खेळलेला माणूस तिथे असला की बाजूचे तिघं त्याच्या आवाजावर हलतात. लेफ्ट बॅक अनुभवी आहेच. म्हणजे बचावाच्या चौघांत दोघं जाणते झाले. नवशिक्यांना मध्यात चूक करायला जागा असते, तिथं बॉल गेला तरी मागे कुणीतरी असतं. स्टॉपरच्या जागी एक चूक म्हणजे थेट गोल.

दुसरं, ऑफसाईडचा सापळा लावायच्या भानगडीत यंदा पडू नका. चौघांनी एकाच क्षणी वर जाणं हे वर्षभर एकत्र खेळलेल्यांचं काम. त्यांना एवढंच शिकवा : समोरच्याच्या पायाशी बॉल मोकळा असेल, त्याच्यावर कुणी दाब देत नसेल, तर चौघांनी मागे सरकायचं. तो पाठमोरा झाला किंवा बॉल मागे गेला, की चौघांनी पुढे यायचं. आणि पंचाची शिट्टी वाजेपर्यंत हात वर करायचा नाही, पळायचं. बॉल न घेता, नुसतं चालत चालत रोज पंधरा मिनिटं हे करून घ्या. पोरं कंटाळतील, तरी सोडू नका.

ऑफसाईडचा नियमही फळ्यावर काढून शिकवा. आपल्या अर्ध्यात ऑफसाईड नसतो, थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नरवरून थेट आलेल्या बॉलवर नसतो. टर्फवाल्या पोरांना यातलं निम्मं माहीत नसतं. दोष त्यांचा नाही, कुणी सांगितलेलंच नसतं.

—

प्रतिसाद : रविवारची मॅच

मँचेस्टर युनायटेडचं १९९५चं उदाहरण इथे कुणीतरी देणारच, म्हणून मीच देतो. त्या ऑगस्टमध्ये हंगामाच्या पहिल्याच सामन्यात ते अ‍ॅस्टन व्हिलाकडून ३-१ हरले. पोरांच्या जिवावर काही जिंकता येत नाही, असं लिव्हरपूलचा माजी खेळाडू अ‍ॅलन हॅन्सन टीव्हीवर म्हणाला. त्याच हंगामात युनायटेडनं लीगही घेतली आणि एफए कपही. ही गोष्ट सगळे सांगतात, पण त्या पोरांच्या मागे कोण होतं ते सांगत नाहीत. गोलमध्ये श्मायकेल, स्टॉपरला ब्रूस आणि पॅलिस्टर, मध्यात कीन, आणि ऑक्टोबरपासून पुढे कँटोना. गोलपासून स्ट्रायकरपर्यंत मधला कणा पक्का होता, म्हणून बेकहॅम, स्कोल्स, नेव्हिल बंधूंसारखी पोरं बिनधास्त खेळली.

तुमच्याकडे तिघंच आहेत, म्हणून ते कुठे उभे राहतात याला फार महत्त्व. जुन्या स्टॉपरनं सांगितलं ते मला पटतं. हाफ मागे, कॅप्टन पुढे. मध्यात नव्यांतला जो सगळ्यात जास्त पळतो तो.

—

प्रतिसाद : कट्ट्यावरचा शौकीन

आशा किती धरावी याबद्दल लिहितो, कारण तो प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला.

२०१७ ला भारतात १७ वर्षांखालचा विश्वचषक झाला, त्यात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. अमेरिकेकडून ०-३ हरलो. मग दिल्लीत कोलंबियाविरुद्ध ८२व्या मिनिटाला कॉर्नरवर जीक्सन सिंगनं हेडर मारून बरोबरी केली. फिफाच्या विश्वचषकातला भारताचा तो पहिला गोल. सगळं स्टेडियम उभं राहिलं. आणि पुढच्याच मिनिटाला कोलंबियानं दुसरा गोल केला. त्या पोरांना कमी लेखायचं म्हणून हे सांगत नाही. नवा संघ नेमका याच वेळी सापडतो. गोल केल्यावर आणि गोल खाल्ल्यावरची पहिली काही मिनिटं आनंदात किंवा धक्क्यात जातात. तुमच्या पोरांना हे आत्ताच सांगून ठेवा. गोल झाला की मिठ्या मारून परत या आणि पहिले तीन बॉल सरळ समोरच्याच्या अर्ध्यात टाका. कॅप्टनला तेवढं एकच काम द्या, ओरडून सगळ्यांना जागेवर आणायचं.

याच पोरांचा पुढे इंडियन अ‍ॅरोज नावाचा संघ आय-लीगमध्ये मोठ्या माणसांविरुद्ध उतरवला. पहिल्या सामन्यात चेन्नई सिटीला ३-० हरवलं, आणि हंगामाच्या शेवटी दहा संघांत शेवटचा नंबर. दोन्ही खरं. नवा संघ एका दिवशी कुणालाही हरवू शकतो, पण रोज तसाच खेळेल असं नाही. तुमची स्पर्धा बाद पद्धतीची आहे, लीग नाही, हे उलट तुमच्या पथ्यावर पडणारं आहे. एक दिवस चांगला गेला तर पुढची फेरी. एक-दोन फेऱ्यांची आशा जरूर धरा. त्यापुढचं पोरांना आत्ता बोलूही नका.

—

प्रतिसाद : काठीची जाळी

मी गोलकीपर होतो, म्हणून फक्त कीपरबद्दल.

चिखलात नव्या कीपरला बॉल धरायला लावू नका, असं बरेच कोच सांगतात. मला ते अर्धवट वाटतं. छातीसमोर येणारा, अंगावरचा बॉल त्यानं धरलाच पाहिजे, शरीर बॉलच्या मागे आणून. गर्दीतला, उंचावरचा ओला बॉल मात्र मुठीनं बाहेर, आणि तोही मध्यात नाही, बाजूला. ओल्या गवतावर टप्पा पडून येणारा फटका उसळत नाही, घसरत खालून निघून जातो. म्हणून सरावाच्या आधी बॉल बादलीत बुडवा आणि टप्प्याचे फटके द्या. गुडघा खाली टेकवून पाय बंद करायची सवय अंगात भिनली पाहिजे.

दोन नियम त्याला आवर्जून सांगा. आपल्याच खेळाडूनं पायानं मुद्दाम दिलेला बॉल हातात घ्यायचा नाही. हे १९९२ पासून आहे, तरी टर्फवरची पोरं विसरतात आणि डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या चौकटीत, फ्री किक देऊन बसतात. दुसरं, २०२५ पासून कीपरनं आठ सेकंदांपेक्षा जास्त वेळ बॉल हातात ठेवला तर समोरच्याला कॉर्नर मिळतो. पंच शेवटची पाच सेकंदं हात वर करून दाखवतो. विद्यापीठाच्या स्पर्धेत हे कसं पाळणार, ते मॅनेजर मीटिंगमध्ये विचारून घ्या.

आणि आवाज. "कीपर" आणि "अवे", हे दोनच शब्द, पण लांबच्या पेठेत ऐकू गेले पाहिजेत. लाजरा कीपर कितीही उड्या मारो, त्याच्या पुढचे बॅक गोंधळतात. हरला तरी पहिल्या सामन्यानंतर त्याला बदलू नका.

—

प्रतिसाद : डावा विंगर

@जुना स्टॉपर, हाफ मागे नेला तर मध्यात बॉल टिकणार नाही. पण तुमचा मुद्दा पटतोय. मग चार-पाच-एक खेळा, म्हणजे चार मागे, पाच मध्यात, एक पुढे. मध्यात पाच जणांची गर्दी केली की नव्या पोरांच्या चुका एकमेकांत झाकल्या जातात. आणि विंगवरची दोघं बॉल गेला की मागे येतात की नाही, एवढंच बघा. टर्फवर कुणी मागे येत नाही, मैदान छोटं असतं.

—

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढ्या आपुलकीनं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

सरांशी बोललो. सेंटर हाफला काल संध्याकाळी बाजूला घेऊन समजावलं. आधी गप्प बसला, मग म्हणाला, "सर, मी बोलतो मागून, पण फ्री किक मीच मारणार." मान्य केलं. बॉलशिवाय चालण्याचा सराव आज पहिल्यांदा केला. राइट बॅक अजून गोलपोस्टकडे ओढला जातो, पण दोन वेळा स्टॉपरच्या हाकेवर वर आला.

एसटीचं असं ठरवलं : सराव सकाळी पहिल्या तासाच्या आधी. पहिल्या गाडीनं येणारी पोरं तशीही लवकर येऊन कट्ट्यावर बसतात. सरांनी नाश्त्याला केळी आणि उकडलेली अंडी जिमखान्याच्या खर्चातून द्यायचं कबूल केलं. वॉर्मअपसाठी फिफा ११+ चा वीस मिनिटांचा कार्यक्रम घेतोय, कारण दोघांचे हॅमस्ट्रिंग आधीच धरलेत आणि आमच्याकडे बदली खेळाडू फार नाहीत.

एक राहिलंच. टायब्रेकरची (बरोबरी झाल्यावरच्या पेनल्टींची) तयारी करावी का? नव्या पोरांवर तो ताण आत्ताच टाकू का?

—

प्रतिसाद : काठीची जाळी

जरूर करा, पण सरावाच्या शेवटी, दमलेल्या पायांनी. मध्यरेषेपासून एकट्यानं चालत जायचं आणि मारायचं. बाकीच्यांनी रेषेवर उभं राहायचं, सामन्यात असतं तसं. प्रत्येकानं आपली जागा आधीच ठरवावी आणि धावताना बदलू नये. पाच जणांची यादी तुम्ही ठरवा, पण सामन्याच्या दिवशी ज्याची इच्छा नाही त्याच्यावर सक्ती नको.

—

प्रतिसाद : जुना स्टॉपर

सेंटर हाफनं मागे यायला होकार दिला, हे वाचून फार बरं वाटलं. त्या पोराला माझ्याकडून शाब्बास सांगा.

आता त्यांना मोठ्या मैदानावर पूर्ण वेळेचे सामने हवेत, टर्फवर एकही नको. आमच्या तालमीची बी टीम रविवारी सकाळी मोकळी आहे. तुमच्या गावी येऊ शकतो, गाडीचं आमचं आम्ही बघू. लाइन्समन म्हणून दोन जाणती माणसं आणतो, म्हणजे ऑफसाईडला झेंडा वर जाईल आणि पोरांना खरा अंदाज येईल. मैदानाच्या रेषा तेवढ्या चुन्यानं मारून ठेवा, पावसानं पुसल्या असतील. आणि आमच्या पोरांना सांगून ठेवतोय, पहिली पंधरा मिनिटं तुमच्या राइट बॅकच्या बाजूनंच बॉल टाकायचे.

—

धागाकर्ता

या, नक्की या. रेषा शनिवारी संध्याकाळी मारतो. राइट बॅकला मात्र आधी सांगत नाही. जेवून जायचं, पोरांच्या घरून डबे येतील.