पाळीखालची ओल

(आमच्या घरच्या ग्रुपवरची चर्चा. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, नाव मुद्दाम देत नाही. पाळ म्हणजे तलावाचा मातीचा बांध, सांडवा म्हणजे जादा पाणी निघून जायची वाट, धुरा म्हणजे शेताचा बांध, बेडा म्हणजे वस्ती. सुप्रभात, दोन वाढदिवस आणि फॉरवर्ड होऊन आलेला एक काढा गाळला आहे.)

गणेश: दोन फोटो टाकले, पहा. तलावाच्या पाळीखाली, आपल्या धुऱ्याजवळ ओल आली. पऱ्हाटीच्या तीन-चार ओळींत पाणी उभं हाय. परवा नव्हतं.

शोभा काकू: एकटा जाऊ नोको बापा तिकडं. साप-किरडू असते.

मोठे बाबा: दरसाल येते ते. पाझर तलाव हाय, पाझरणार नाई त काय करन? गावाच्या नळाची विहीर त्याच पाझरावर चालते. ज्या साली तलाव भरला नाई त्या साली मार्चपासून टँकर लागला, इसरले काय सारे?

प्राजू (नागपूर): पण मोठे बाबा, पाळीवर झाडं किती वाढलीत. दिवाळीत आलो तेव्हा एवढी नव्हती.

मोठे बाबा: झाडं पाळ धरून ठेवते बाई.

नितीन (पुणे): जवाईबापू, तुम्ही पहा ना जरा. तुमची अख्खी नोकरी पाटबंधाऱ्यात गेली.

जवाईबापू: पाहिले. फोटोवरून काही ठरत नसतं. गणेश, एवढं सांग. पाणी नितळ आहे की गढूळ? पाळीच्या अंगातून येतं की खालच्या जमिनीतून? गेटच्या पाइपाजवळ काही दिसतं का? आणि सांडवा चालू झाला का?

गणेश: धुऱ्याजवळचं नितळ हाय, जमिनीतूनच येते. पण गेटचा पाइप जिथं बाहेर निंगते, त्याच्या बाजूनं दुसरं झिरपते. बारीकच हाय, पण रंग चहासारखा. सांडव्याचं सांगू का?

मोठे बाबा: सांग ना. लपवाचं काय त्यात.

गणेश: सांडव्यावर मातीचे पोते रचले हायत, कमरेइतके. त्याच्यापुढं मासोळीवाल्या ठेकेदाराची जाळी. जाळीत बेशरमाचा पाला, पन्न्या, सारं अटकलं. पाणी पोत्यायले टेकलं.

जवाईबापू: आता जरा लांब लिहितो, सगळे वाचा.
मोठे बाबांचं अर्धं खरं आहे. पाझर तलावाने पाझरायचंच असतं, पण तळातून, जमिनीखालून. धुऱ्याजवळचं नितळ पाणी त्यातलंच असावं, वाढतं का एवढं पाहत राहा. मला धास्ती आहे ती पाइपाजवळच्या पाण्याची. गढूळ आहे म्हणजे ते पाळीच्या पोटातली माती घेऊन येतंय. मातीच्या धरणात पाइपाच्या कडेची जागा कायम नाजूक. तिथे रोलर जात नाही, माती हाताने ठोकतात आणि ती ठोकणी कशी होते हे मी आयुष्यभर पाहिलंय. आज बोटाएवढी वाट असते, पाणी ती आतल्या आत तलावाकडे कोरत नेतं. वरून पाळ ठणठणीत दिसते. पानशेतही मातीचंच धरण. १२ जुलै १९६१ ला फुटलं, त्याचं मूळ भरावाखालून जाणाऱ्या मोरीत होतं. मोरी खचली, तिच्यावरचा भराव बसला आणि बसलेल्या जागेवरून पाणी गेलं.
आता पोती. पुरात सांडव्यावरून पाणी किती उंचीने जाईल याचा हिशेब करून पाळीचा माथा त्याच्याही वर ठेवलेला असतो. सांडवा तीन फूट उचलला म्हणजे पाळ तीन फूट बुटकी केली. त्यात जाळीला पाला अडकला की सांडवा आहे काय आणि नाही काय. दगडी बांधावरून पाणी गेलं तर तो बहुतेक वेळा तगतो. मातीच्या पाळीवरून गेलं की पाळ धुऊनच जाते.

मोठे बाबा: तीन फूट जास्त पाण्यात हरभऱ्याले दोन पाणी होते, अन् नळ दीड महिना जास्त चालते. हे बी लिहा.

जवाईबापू: लिहिलं, आणि ते खरंही आहे. पण ऑगस्टात त्या तीन फुटांची किंमत फार होते. साठा वाढवायचा तर गाळ काढायचा.

गणेश: काढला ना. गाळमुक्त धरणवाल्या योजनेत. जेसीबीवाल्यानं पाळीच्या बुडाशीच खोदलं, तिथून ट्रॅक्टर भरायले सोपं जाते म्हणून.

जवाईबापू: हेच ते. पाळीच्या आतल्या पायथ्याशी बसलेला गाळ म्हणजे फुकटचं अस्तर. तेवढाच राहू द्यायचा असतो, बाकीचा तलाव उपसा.

नितीन (पुणे): तिवऱ्याचं धरण आठवतं का सगळ्यांना? चिपळूण तालुका, २ जुलै २०१९ ची रात्र. गळतीच्या तक्रारी लोक आधीपासून करत होते. फुटल्यावर मंत्री म्हणाले, खेकड्यांनी फोडलं.

शोभा काकू: खेकडे त आपल्याबी पाळीत हायत. पोट्टे धरून आणते.

जवाईबापू: काकू, खेकडे, घुशी, सायाळ बिळं करतात हे खोटं नाही. पण बीळ दिसलं की बुजवायला माणूस ठेवायचा असतो. खेकड्याला नोटीस देऊन उपयोग नाही.

प्राजू (नागपूर): पण आता धरण सुरक्षा कायदा आला आहे ना?

जवाईबापू: आहे, २०२१ चा. तो लागतो १५ मीटरपेक्षा उंच धरणाला. १० ते १५ मीटरमधलं असेल तर माथ्याची लांबी निदान ५०० मीटर किंवा साठा १० लाख घनमीटर, अशा काही अटींपैकी एक तरी हवी. आपली पाळ बोर्डावर साडेआठ मीटर लिहिली आहे. म्हणजे कायद्याच्या खालून निसटली. हे तलाव जिल्हा परिषदेच्या लघुसिंचनाकडे, एका उपविभागात असे कितीतरी, आणि चौकीदार एकाही पाळीवर नाही. धरण लहान म्हणून धोका लहान, असं कागदावरच असतं. खाली कोण राहतं त्यावर धोका ठरतो.

गणेश: खाली नाल्याच्या काठानं बेड्यातले वीस-बावीस घरं. अन् नळाची विहीर, पंपघर. पाळ गेली त तलाव जाईन, विहीर गाळानं बुजन. पुरातून वाचलो तरी प्यायले पाणी नाई.

मोठे बाबा: भेवाडू नका रे लोकायले.

शोभा काकू: भेवाडून नाई रायला तो. मोवाडले पुरात काय झालं ते तुमीच सांगत होते आमाले. ३० जुलै १९९१. माह्या मावशीच्या गावचे लोक होते त्यात.

(यानंतर दुपारपर्यंत कोणीच काही लिहिलं नाही. मग मोठे बाबांचा व्हॉइस मेसेज आला, तो जसाच्या तसा उतरवला आहे.)

मोठे बाबा: जाळी काढाले सांगतलं ठेकेदाराले. तो म्हणे मासोळ्या जातीन. मी म्हटलं जाऊ दे. पोत्याचं ग्रामपंचायतीत बसून ठरवू.

जवाईबापू: मोठे बाबा, बैठक नंतर घ्या. पोती आजच काढा, पण एकदम ओढू नका. वरचा एक थर काढायचा, पाणी उतरलं की दुसरा. सगळी एका दमात काढली तर नाल्याला आपणच पूर आणू. आणि त्याआधी बेड्यात सांगा. खांदशेकणीला, पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैल धुवायला सगळे नाल्यातच उतरतात. यंदा बैल घरी, बोअरच्या पाण्याने धुवा.

मोठे बाबा: खांदशेकणीचं मह्या ध्यानातच नोतं.

गणेश: पाइपाजवळ काय करू? दोन ट्रॉल्या काळी माती टाकून बुजवू काय?

जवाईबापू: अजिबात नाही! तोंड बुजवलं तर पाणी दुसरीकडून फुटेल. पाण्याला येऊ द्यायचं, मातीला अडवायचं. तिथे धुतलेली रेती पसरा, तिच्यावर बारीक गिट्टी, वर दगड. पाणी गाळून बाहेर पडेल. खाली छोटी नाली काढून बादली लावा. किती सेकंदांत भरते ते सकाळ-संध्याकाळ वहीत लिहा आणि काचेच्या ग्लासात पाणी धरून फोटो काढा. गेटला हात लावू नका, गंजलेल्या गेटची दांडी पिरगळली तर आहे तेही जाईल. ते त्यांचा माणूस येऊन ठरवेल.

प्राजू (नागपूर): आणि झाडं? तोडून टाकायची?

जवाईबापू: पावसात मुळापासून उपटू नका, तिथेच भोक पडेल. झुडपं कापा, म्हणजे पाळ दिसेल तरी. मोठ्या बाभळी उन्हाळ्यात, खड्डा नीट ठोकून भरता येईल तेव्हा. जिवंत मूळ पाळ धरतं हे खरं, पण ते सडलं की पाण्याला आयती नळी मिळते.

नितीन (पुणे): पत्राचा मसुदा मी केलाय. सरपंच ताईंच्या सहीने जिल्हा परिषदेला, प्रत तहसीलदारांना, सोबत फोटो. पोत्यांचं लिहायचं का?

मोठे बाबा: लिव्ह. "होते, काढले" असं लिव्ह.

नितीन (पुणे): लिहिलं. आणि रात्री पाणी अचानक वाढलं किंवा जास्त गढूळ झालं तर ग्रुपवर टाकत बसू नका. आधी बेड्यातल्या लोकांना शाळेत हलवा, मग १०७७ ला फोन. तो जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर आहे.

गणेश: पोत्याचे दोन थर निंगाले. पाणी सांडव्यावरून चालू झालं. रेती टाकली. बादली आधी ९० सेकंदांत भरे, आता १०० लागले. रंग थोडा उतरला.

जवाईबापू: चांगलं आहे, पण एका बादलीवर खूश होऊ नका. निदान दोन दिवस वही चालू ठेवा. तलाव अजून उतरला की पुन्हा मोजा. पाणी उतरूनही गळती तेवढीच राहिली तर मला लगेच फोन, मी निघतो.

मोठे बाबा: रात्री पाळीवर मी बसतो. अकरापर्यंत मी, पुढं गणेश. बॅटरी चार्ज करून ठेवा.

शोभा काकू: गणेश, ते बादली दुधाची होती.